सहा वर्षं झाली, शेवटच्या तिनातच: नॉर्थ मेलबर्नवाल्यांनी करायचं काय?

आर्डनकर

मेलबर्नच्या मंडळींसाठी धागा काढतोय, बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचा, माझी हरकत नाही, तसंही सोमवारी ऑफिसात आमच्यावर सगळ्यांची करमणूकच चालू असते.

विषय एएफएल. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, इकडे नुसतं फूटी म्हणतात. लंबगोल मैदान, लंबगोल बॉल, दोन्हीकडे १८-१८ माणसं, मधल्या दोन खांबांतून किक मारली की गोल म्हणजे ६ पॉइंट, बाजूच्या खांबातून गेली तर बिहाइंड, १ पॉइंट. लीगमध्ये क्लब अठरा. आणि माझा क्लब नॉर्थ मेलबर्न. २०२० ला १७वे, २०२१ ला १८वे, २०२२ ला परत १८वे, मग १७, मग १७, आणि २०२५ ला १६वे. म्हणजे यंदा सुधारणा आहे म्हणायला जागा आहे, आणि माझं दुखणं नेमकं तिथेच आहे.

हरण्याची सवय होते हो. २०२१ च्या गुड फ्रायडेला बुलडॉग्जनी १२८ पॉइंटनी धुतलं, त्यांच्या जॉश ब्रूसने एकट्याने १० गोल मारले, तरी मी शेवटच्या सायरनपर्यंत बसलो होतो आणि त्या रात्री झोपही नीट लागली. कारण त्या दिवशी अपेक्षाच नव्हती. वैताग येतो तो दर डिसेंबरात, आता यंदा पोरं तयार झाली, आता यंदा बघा, असं पुन्हा सगळीकडून सुरू होतं तेव्हा. रीबिल्ड, म्हणजे टीमची नव्याने बांधणी, चालू आहे म्हणे. अहो मुंबईत पागडीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाऊन लोकांना नवीन फ्लॅट मिळाले एवढ्या काळात, बरं ते उदाहरण तितकंसं आश्वासक नाही म्हणा.

मेंबरशिप रिन्यू करायची वेळ आली आहे, घरात बायकोचं म्हणणं बंद कर, मुलगा वर्गात एकटा नॉर्थवाला आणि त्याला कॉलिंगवूड क्लब खुणावतोय. तुम्ही लोक काय करता अशा वेळी? सल्ला नको, अनुभव सांगा.

कोथरूडकर

मला मेलबर्न म्हणजे एमसीजी आणि एमसीजी म्हणजे २०२० च्या डिसेंबरात अजिंक्यने काढलेले ११२, एवढंच ठाऊक, त्यामुळे बाळबोध प्रश्न विचारतो. एवढं सतत तळाला राहून यांना खालच्या डिव्हिजनला ढकलत कसं नाहीत? इंग्लंडात ढकलतात की.

बाकी आर्डनकर, आम्ही पुणेकरांनी पुणे वॉरियर्स सोसले आहेत, २०११ ते २०१३, आणि मग टीमच गायब. नंतर सुपरजायंट आले, २०१७ ला फायनलला मुंबईकडून एका रनने हरले, आणि तेही गायब. तुमची निदान हरायला जागेवर तरी आहे.

पिक_नंबर_एक

@कोथरूडकर, प्रश्न बाळबोध नाही, सगळी गंमत तिथेच आहे. इकडे खाली ढकलायला खालची डिव्हिजनच नाही, उलट जो तळाला त्याला बक्षीस. शाळा-कॉलेजवयातली नवीन पोरं दर नोव्हेंबरात ड्राफ्टमधून वाटतात आणि पहिली निवड शेवटून पहिल्या क्लबची. वर सॅलरी कॅप, म्हणजे श्रीमंत क्लबने पैसे ओतून सगळे चांगले प्लेअर उचलायचे हा प्रकार बंद. कागदावर हिशोब असा की सात-आठ वर्षांत प्रत्येकाचा नंबर लागायला पाहिजे.

कागदावर. आता नॉर्थचं बघा. २०२१ ला शेवटचे आलो, पहिला पिक आमचा, जेसन हॉर्न-फ्रान्सिसला घेतलं, पोरगा एक सीझन खेळला आणि घरी जायचं म्हणून अ‍ॅडलेडला, पोर्ट अ‍ॅडलेड क्लबकडे गेला. त्याच ड्राफ्टला निक डेकॉस होता पण तो आम्हाला मिळणं शक्यच नव्हतं, बाप कॉलिंगवूडचा मोठा प्लेअर त्यामुळे फादर-सन नियमाने कॉलिंगवूडचा. २०२२ ला तसंच विल अ‍ॅशक्रॉफ्ट ब्रिस्बेनला, बापाच्या नावावर, आणि २०२४, २०२५ दोन्ही ग्रँड फायनलला सामन्याचा सर्वोत्तम म्हणून नॉर्म स्मिथ मेडल त्याच्याच गळ्यात. म्हणजे रांगेत पहिले आम्ही उभे आणि आतल्या दाराने माल दुसरीकडे. हॉर्न-फ्रान्सिस जाताना जी अदलाबदली झाली त्यात शीझल आणि वॉर्डलॉ आले हे खरं, हॅरी शीझल तर २०२३ ला पहिल्याच वर्षी रायझिंग स्टार (लीगचा सर्वोत्तम तरुण प्लेअर) आणि क्लबचा बेस्ट अँड फेअरेस्टही (वर्षाचा सर्वोत्तम प्लेअर), पण तो तेव्हा १८-१९ वर्षांचा, आणि समोर टॅकल करायला २८ वर्षांचे रेडे.

ड्राफ्टबद्दल लोकांना वाटतं की टॅलेंट मिळालं की झालं. १८ वर्षांच्या पोराचं अंग भरायला तीन-चार प्रीसीझन जातात, तोवर त्याला सांभाळून घ्यायला मधल्या वयाची माणसं लागतात, २५ ते २९ वाली, आणि आमच्याकडे नेमका तोच थर नव्हता. २०१६ च्या शेवटी एका झटक्यात चार जुने काढले. ब्रेंट हार्वी (४३२ सामने खेळलेला माणूस!), पेट्री, डाल सँटो, फिरिटो. मागे उभं राहायला कुणी उरलं नाही. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

आर्डनकर

२०१६ काढू नका राव. त्या वर्षी पहिले नऊच्या नऊ सामने जिंकलो होतो आपण. नऊ! फायनल्स, म्हणजे वरच्या टीम्सची बाद फेरी, सप्टेंबरात असते, तर मी सुट्टी टाकायची सप्टेंबरची म्हणून मॅनेजरला आधीच सांगून ठेवलेलं. मग उरलेल्या तेरात तीन जिंकले, कसेबसे आठवे आलो आणि एलिमिनेशन फायनलला अ‍ॅडलेडने घरी पाठवलं. त्यानंतर फायनल्सचं तोंड पाहिलेलं नाही.

सेंट्स_६६

नमस्कार. मी सेंट किल्डावाला. रडारड ऐकली, आता माझं ऐका.

तुमच्या चार प्रीमियरशिप, म्हणजे विजेतेपदं, आहेत. १९७५, ७७, ९६, ९९. आमची एक. १९६६. तीसुद्धा एका पॉइंटने. वुडन स्पून (शेवटच्या नंबराला चेष्टेने हेच म्हणतात) आमच्याकडे २७, लीगमध्ये एवढे कुणाकडेच नाहीत. २००९ ला अख्खं वर्ष गाजवलं आणि ग्रँड फायनलला जीलाँगने १२ पॉइंटनी घालवलं. २०१० ला परत ग्रँड फायनल, कॉलिंगवूडशी, शेवटच्या मिनिटांत बॉल गोलसमोर टप्पा पडून मिल्नकडे यायचा तो असा काही तिरका उसळला की त्याच्या हाताला न लागता बाजूने बिहाइंडला गेला. ६८-६८. ड्रॉ! ग्रँड फायनल ड्रॉ! तेव्हा एक्स्ट्रा टाइम नव्हता, म्हणून पुढच्या शनिवारी पूर्ण सामना परत, आणि त्यात ५६ ने हरलो. मी तेव्हा नवीन आलो होतो, घरमालक म्हातारा सेंट्सवाला, तो त्या ड्रॉनंतर अंगणात खुर्ची टाकून बसला आणि अंधार पडेपर्यंत एक शब्द बोलला नाही, मी चहा नेऊन दिला तर म्हणाला यू पुअर बॉय, यू पिक्ड अस. तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतंय.

कट्टर_कार्लटन

आमच्या १६ प्रीमियरशिप असूनही आम्ही १९९५ पासून वाट बघतोय, त्यामुळे दुःख सगळ्यांचं सारखंच असतं हो. २००२ पर्यंत कार्लटनला एकही वुडन स्पून नव्हता, नंतर २००२, ०५, ०६, १५, १८ असे पाच. उंचावरून पडलं की जास्त लागतं.

सेंट्स_६६

१६ म्हणे. आणि रडायला इथे. तुम्ही वेगळा धागा काढा.

वेरिबीची_वहिनी

+१ सेंट्सभाऊंना, हा हा.

पण आर्डनकर भावोजी, मला तुमच्या धाग्याचं शीर्षकच खटकलं. नॉर्थ मेलबर्न शेवटच्या तिनात? कुठलं नॉर्थ? आपल्या बायकांच्या टीमने २०२४ ला ब्रिस्बेनला हरवून प्रीमियरशिप आणली, २०२५ ला अख्ख्या सीझनमध्ये एकही सामना न हरता परत आणली, परत ब्रिस्बेनलाच हरवून. जॅस्मिन गार्नरला खेळताना बघितलंय का कधी? बॉल हातात आल्यावर तिला जो अर्धा सेकंद जास्त मिळतो तो कुठून मिळतो हे मला अजून समजलेलं नाही. तोच निळा-पांढरा पट्ट्यांचा जर्सी, तोच क्लब, तेच गाणं. मुलाला कॉलिंगवूडकडे कशाला पाठवता, एएफएलडब्ल्यूला, बायकांच्या लीगला, घेऊन या. तिकीट स्वस्त, कठड्याला टेकून उभं राहता येतं, सामना संपल्यावर प्लेअर येऊन पोरांशी बोलतात.

आम्ही नॉर्थवाले झालो ते द हडलमुळे. आर्डन स्ट्रीटला क्लबच्या आवारातच बाहेरून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी ती संस्था चालते, २०१० पासून. आमच्या मोठीला तिथे अभ्यासाला मदत मिळाली. त्यामुळे गुणतक्ता बघून क्लब सोडायचा विचार आमच्या घरात येतच नाही, पण पुरुषांच्या सामन्याला मिस्टर एकटे जातात आणि परत आले की कुणी काही विचारत नाही, हेही खरं.

आर्डनकर

वहिनी, मान्य. बायकांची फायनल टीव्हीवर पाहिली आणि ओरडलोही. पण प्रामाणिकपणे सांगतो, तो आनंद खरा असला तरी पुरुषांच्या टीमचं जे ठसठसतंय ते त्याने थांबत नाही. उलट जास्त चिडचिड होते, एकाच आवारात एकांना जमतंय आणि दुसऱ्यांना बॉल सरळ मारता येत नाही.

वेरिबीची_वहिनी

सरळ मारता न येण्याची परंपरा जुनी आहे, १९९८ ची ग्रँड फायनल काढून बघा. हाफ टाइमला पुढे होतो, शेवटी ८ गोल आणि २२ बिहाइंड. बावीस! अ‍ॅडलेडने १५ गोल मारले आणि कप नेला.

पिक_नंबर_एक

मला हरण्याचे प्रकार मोजायचा छंद लागलाय, कारण साधं हरणं आता लक्षात राहत नाही. माझे दोन लाडके.

एक, मे २०२३, सिडनीविरुद्ध. एका सामन्यात ७५ वेळा प्लेअर आतबाहेर करता येतात. आम्ही पुढे होतो, शेवटची काही मिनिटं, आणि बेंचवर मोजणाऱ्याने गडबड केली, ७६वा बदल झाला. फ्री किक, वर शिक्षा म्हणून बॉल ५० मीटर पुढे, सिडनीचा गोल, ३ पॉइंटनी हरलो. समोरच्याने हरवलं नाही, बॉल सुटला नाही, अंपायरची चूक नाही, बेरीज चुकली! मी अकाउंट्समध्ये आहे, मला ते वैयक्तिक लागलं.

दोन, जून २०२४, कॉलिंगवूड, मार्व्हल स्टेडियम. हा आर्डनकरांनी सांगावा, ते होते तिथे.

आर्डनकर

होतो. मुलाला घेऊन होतो हे जास्त वाईट.

५४ पॉइंटनी पुढे. म्हणजे नऊ गोल. लार्की मारतोय, झुरहार मारतोय, आजूबाजूचे कॉलिंगवूडवाले गप्प, आणि तुम्हाला माहितीये कॉलिंगवूडवाले गप्प बसले की ती शांतता किती गोड असते. माझ्या पुढच्या रांगेत एक आजी होत्या, ऐंशीच्या असतील, निळा-पांढरा विणलेला स्कार्फ, मांडीवर डबा. मी पोराला म्हटलं बघ, आज बघ. आजी मागे वळून म्हणाल्या, नॉट येट, डार्लिंग. एवढंच. मग एक गोल गेला, मग दोन, मग आपल्या पोरांना पायात गोळे आल्यासारखं व्हायला लागलं, मार्क घ्यायच्या, म्हणजे किक झेलायच्या, ऐवजी नुसतं पुढे ढकलायचं, आणि प्रत्येक वेळी बॉल परत आपल्याच डोक्यावर. त्या आजींनी शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच डबा पिशवीत भरून ठेवला होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात बेली स्कॉटच्या त्या मार्कनंतर ५० मीटर द्यायला हवे होते की नव्हते यावर लोक अजून भांडतात. एका पॉइंटने हरलो. पोरगा ट्रेनमध्ये एकच म्हणाला, बाबा, कॉलिंगवूडचे लोक किती मजेत होते. तिथून हे खूळ त्याच्या डोक्यात आहे.

डीमन_देशपांडे

आमच्याकडे या म्हणणार नाही पण ऐका. मेलबर्न डीमन्स. १९६४ ला शेवटची प्रीमियरशिप, नंतर ५७ वर्षं काही नाही. मधे २००९ ला मुद्दाम हरले म्हणून चौकशी झाली, मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही पण २०१३ ला क्लबला ५ लाख डॉलरचा दंड बसला, आता बोला. आणि ५७ वर्षांनी जेव्हा जिंकलो तेव्हा, सप्टेंबर २०२१, मेलबर्नात लॉकडाऊन, ग्रँड फायनल पर्थला हलवलेली. ७४ पॉइंटनी जिंकलो, इतक्या वर्षांची वाट बघितलेली आमची माणसं घरात कोंडलेली, रात्री नऊनंतर कर्फ्यू, बाहेर पडून कुणाच्या गळ्यात पडायची सोय नाही. आमच्या गल्लीत एकाने दारात उभं राहून भांडं वाजवलं, मग दुसऱ्याने, मी आमचा कुकर वाजवला, झाकणासकट. असं ते सेलिब्रेशन.

कोथरूडकर

देशपांडे, हे भन्नाट आहे. पण मुद्दाम हरणं? म्हणजे पहिला पिक मिळावा म्हणून?

पिक_नंबर_एक

हो, त्याला टँकिंग म्हणतात. आणि इथे माझं मत बऱ्याच जणांना आवडणार नाही. २०२३ ला आम्ही पहिले दोन जिंकले, मग सलग २० हरलो. शेवटच्या आठवड्यात होबार्टला गोल्ड कोस्टशी सामना. तो हरलो असतो तर १८वे आलो असतो आणि हार्ली रीड, त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं पोरगं, आमचा झाला असता. पोरं जिंकली. रीड वेस्ट कोस्टला गेला. मी तेव्हा घरी सोफ्यावर बसून चौथ्या क्वार्टरला अक्षरशः चुका अरे चुका म्हणत होतो. वीस पराभवांनंतरचा पहिला विजय आणि मी वैतागलेलो. माणसाला कुठे नेऊन ठेवते ही सिस्टीम बघा.

वेरिबीची_वहिनी

मला नाही पटत हे. वीस सामने हरून एकविसाव्याला, म्हणजे कुणी बघत नसताना, जीव तोडून खेळलेल्या पोरांना तुम्ही चुका म्हणालात. त्याच वर्षी लार्कीने ७१ गोल मारले, सगळे मिळून तीन सामने जिंकलेल्या टीममध्ये राहून, ऑल-ऑस्ट्रेलियन (वर्षाची सर्वोत्तम टीम) मध्ये आला. त्याने पिकचा हिशोब केला असता तर?

पिक_नंबर_एक

वहिनी, तो प्लेअर आहे, मी मेंबर आहे. त्याचं काम खेळणं, माझं काम कुढणं. आणि कुढण्यासारखं अजून आहे. २०२४ च्या ड्राफ्टला २७वा पिक मिळवायला आम्ही आमचा २०२५ चा पहिल्या फेरीचा पिक रिचमंडला देऊन टाकला. कुणाला वाटलं असेल की २०२५ ला वर सरकू. १६वे आलो. एवढं तळाजवळ येऊन मिळणारा चांगला पिक दुसऱ्याच्या घरात. टँकिंगवर बोलायचीही सोय ठेवली नाही.

पर्थवाला_पाटील

पर्थहून राम राम. तुमच्या नॉर्थने २०२५ ला दोन होम सामने आमच्याकडे घेतले, एक बनबरीला वेस्ट कोस्टशी, एक पर्थला फ्रीमँटलशी. होम सामना तुमचा आणि मैदान भरलंय समोरच्यांनी. मी मुद्दाम बनबरीला गेलो होतो, निळे-पांढरे शोधावे लागत होते. तो जिंकलात मात्र, १० ने. हे असं का करतो तुमचा क्लब?

आर्डनकर

पैसा, पाटील. मेलबर्न आणि आसपास मिळून दहा क्लब, आम्ही त्यातले लहान. एवढी वर्षं होबार्टला सामने विकले, आता टास्मानियाची स्वतःची टीम २०२८ ला येतेय म्हणून तिकडचं आटपलं आणि गाडी तुमच्याकडे वळली. आमच्याकडे जुन्या लोकांच्या मनात एक भीती कायमची बसलेली आहे. १९९६ ला फिट्झरॉयशी विलीन व्हायची बोलणी होती, ती फिसकटली आणि फिट्झरॉय ब्रिस्बेनमध्ये गेला, म्हणजे संपलाच. २००७ ला लीगने आम्हाला गोल्ड कोस्टला जा म्हणून सांगितलं, पैसेही देत होते, क्लबने नाही म्हटलं. त्यामुळे कुणी नॉर्थवाला मेंबरशिप सोडतो म्हणाला की बाकीचे त्याच्याकडे असं बघतात की हा आपल्याला गोल्ड कोस्टला पाठवायला निघालाय. मलाही तेच अडवतं खरं म्हणजे. चांगल्या क्लबचा मेंबर कंटाळला तर घरी बसतो, आमच्याकडे कंटाळायलाही परवानगी नाही.

आणि क्लार्कसनचं कुणी बोललंच नाही. हॉथॉर्नला चार प्रीमियरशिप दिलेला कोच, २००८, १३, १४, १५. तो आला तेव्हा मी पेढे वाटले होते ऑफिसात, खरे पेढे. तीन सीझन झाले, ३, ३ आणि ५ विजय. पेढ्यांवरून अजून ऐकतोय.

कट्टर_कार्लटन

पेढे वाटायची घाई कार्लटनवाल्यांना विचारा. २०२३ ला प्रिलिमिनरी फायनलला पहिल्या क्वार्टरला पुढे होतो...

सेंट्स_६६

धागा. वेगळा. काढा.

वेरिबीची_वहिनी

भांडा निवांत. मी कामाचं बोलते. सीझन सुरू झाला की आपण सगळे मिळून एका सामन्याला जाऊ, कुणीही कुठल्याही क्लबचा असो. आर्डनला आता नवीन मेट्रो स्टेशन झालंय, तिथे उतरून आधी आर्डन स्ट्रीटला पोरांना मैदान दाखवू आणि मग पुढे सामन्याला. आर्डनकर, मुलाला आणा, माझी धाकटी त्याला कॉलिंगवूडबद्दल दोन गोष्टी समजावून सांगेल, ती बोलायला कडक आहे.

आर्डनकर

आणतो. पण समोर कॉलिंगवूड नको प्लीज.

पिक_नंबर_एक

मग सेंट किल्डाशी असेल तेव्हा जाऊ. दोघांपैकी एकाला तर जिंकावंच लागेल.

सेंट्स_६६

असं काही नसतं हो.